तत्त्व तुझं, वेळ माझा

पत्रातला पेच थोडक्यात असा : तिघांचं छोटं कार्यालय. कामं अनुवादाची, मुद्रितशोधनाची आणि पुस्तकांच्या मांडणीची. पत्र लिहिणारे स्वतः सात वर्षं विंडोजऐवजी लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम वापरतात आणि मुक्त सॉफ्टवेअरवर (ज्याचा कोड कोणालाही बघता, बदलता आणि वाटता येतो) त्यांची मनापासून निष्ठा आहे. बाकी दोघांचे लॅपटॉप विंडोज १० वर चालतात. दोन्ही जुने, त्यामुळे त्यांवर विंडोज ११ बसत नाही. ही संधी साधून पत्रलेखकांनी एका सुट्टीच्या दिवशी मांडणीचं काम बघणाऱ्या सहकारी मैत्रिणीच्या लॅपटॉपवर, तिच्या अर्ध्यामुर्ध्या होकारावर, लिनक्स टाकून दिलं. नवव्या दिवशी तिनं बाहेरून विंडोज परत टाकून घेतलं. तिच्या तक्रारी तीन. ग्राहकाकडून आलेली चाळीस पानांची फाइल तिच्याकडे बेचाळीस पानांची व्हायची, झाकण मिटून पुन्हा उघडलं की लॅपटॉप जागा व्हायचा नाही, आणि इनडिझाइन हा तिचा मांडणीचा प्रोग्राम नव्हता. ती म्हणाली, "तत्त्व तुझं, वेळ माझा." हे म्हणाले, "तू सवयीची गुलाम आहेस." तेव्हापासून दोघांत कामापुरतंच बोलणं आहे. पत्रलेखक विचारतात : माझं काय चुकलं? लोकांना स्वातंत्र्य नकोच असतं का? आणि मुद्रितशोधन करणाऱ्या तिसऱ्या सहकाऱ्याच्या लॅपटॉपचं आता काय करू?

तुमच्या मैत्रिणीच्या तीन तक्रारी तुम्ही पत्रात दोन ओळींत उरकल्या आहेत आणि स्वातंत्र्यावर दोन पानं लिहिली आहेत. मी उलट्या क्रमानं जातो, कारण त्या तिन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि एकीचाही सवयीशी संबंध नाही.

चाळिसाची बेचाळीस पानं का होतात? वर्डच्या फाइलीत पानं साठवलेली नसतात. साठवलेला असतो मजकूर आणि "हा अमुक फॉन्टमध्ये, अमुक आकारात दाखव" अशी सूचना. तो फॉन्ट यंत्रावर नसेल, तर लिनक्सवर वर्डच्या जागी वापरलं जाणारं लिब्रेऑफिस दुसरा घेतं. दुसऱ्याचं प्रत्येक अक्षर केसभर रुंद असलं तरी ओळ एक शब्द आधी तुटते, परिच्छेद एक ओळ वाढतो, आणि चाळीस पानांत ते साचून दोन पानं होतात. तपासायची रीत सोपी आहे. मजकुरात कर्सर ठेवा आणि वरच्या पट्टीतलं फॉन्टचं नाव बघा. ते तिरप्या अक्षरांत दिसलं, तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही, त्याच्या जागी दुसरा आलेला आहे. कॅलिब्रीसाठी कार्लिटो, कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी लिबरेशन मालिका, हे फॉन्ट मुद्दाम मूळ फॉन्टच्या अक्षररुंदीशी तंतोतंत जुळवून बनवलेले आहेत. ते बसवले की या चार फॉन्टांच्या फाइलींची पानं बहुतेक वेळा जागच्या जागी राहतात. पण मायक्रोसॉफ्टनं अलीकडे वर्डचा नेहमीचा फॉन्ट बदलून ॲप्टॉस केला आहे, आणि त्याची अशी जुळी प्रत लिनक्सवर आयती मिळत नाही. अशा वेळी पाठवणाऱ्यालाच सांगायचं : वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेनं जाऊन फॉन्ट फाइलीत अंतर्भूत करा, आणि सोबत पीडीएफही पाठवा, म्हणजे पानं ताडून बघता येतील.

हे सगळं पाच मिनिटांचं काम आहे, पण ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी. तिला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तुम्हाला होतं, आणि तुम्ही ते त्या सुट्टीच्या दिवशी केलं नाहीत.

झाकणाचं दुखणं थोडं खोल आहे. लॅपटॉप झोपवण्याच्या दोन पद्धती असतात. जुन्या पद्धतीत फक्त रॅम जागी राहते आणि बाकी सगळं बंद होतं. नव्या पद्धतीत प्रोसेसर नुसता पेंगतो आणि प्रत्येक भागानं आपापली वीज स्वतः आवरायची असते. त्यातला एखादा भाग, बहुधा ग्राफिक्स किंवा वायफाय, नीट आवरत नसेल तर यंत्र जागं होत नाही, किंवा बॅगेत ठेवल्या ठेवल्या तापून बॅटरी संपवतं. काही लॅपटॉपांच्या बायॉसमध्ये (यंत्र सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) स्लीप स्टेट नावाचा पर्याय असतो, तिथे पद्धत बदलता येते. नसेल तर नवं कर्नल, म्हणजे लिनक्सचा नवा गाभा, घालून बघायचं. तरीही जमलं नाही, तर झाकण मिटल्यावर पडदा तेवढा बंद होईल असं ठरवून द्यायचं आणि कामानंतर यंत्र पूर्ण बंद करायचं. ही तडजोड आहे, आणि ती पत्करायची की नाही हे ते यंत्र वापरणाऱ्यानंच ठरवायला हवं.

आणि इनडिझाइन. ॲडोबी ते लिनक्ससाठी बनवत नाही. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवू पाहणाऱ्या वाइनवर नव्या आवृत्त्या भरवशानं चालत नाहीत, आणि पुस्तक छापायला जायच्या आदल्या रात्री "बहुधा चालेल" हे कोणाच्याच कामाचं नसतं. तुम्ही तिला स्क्रायबस हा मांडणीचाच मुक्त प्रोग्राम सुचवलात. स्क्रायबस चांगलं आहे, छपाईसाठी लागणारी सीएमवायके (चार शाईंच्या रंगांतली) पीडीएफ ते उत्तम बनवतं, आणि १.६ मालिकेत देवनागरीची जोडाक्षरंही नीट जुळतात. पण ते इनडिझाइनची मूळ फाइल उघडत नाही. इनडिझाइनमधून आयडीएमएल या देवाणघेवाणीच्या स्वरूपात निर्यात केलेली फाइल ते आत घेतं खरं, तरी चौकटी आणि मजकूर येतो, बारकावे पुन्हा जुळवावे लागतात. नवं पुस्तक स्क्रायबसमध्ये सुरू करता येतं. चालू पुस्तक मध्येच तिकडे न्यायचं म्हणजे सगळी मांडणी पुन्हा बघायची. तुमच्या मैत्रिणीच्या हातात त्या नऊ दिवसांत चालू पुस्तक होतं, असं तुम्हीच लिहिलं आहे.

तेव्हा "सवयीची गुलाम" हा शब्द मागे घ्या. ती सवयीला चिकटून बसली नव्हती, तिचं काम खोळंबलं होतं.

तरीही तुमचं तत्त्व मला मोडीत काढायचं नाही, कारण त्यात दम आहे आणि तो नेमका तिच्याच क्षेत्रात सगळ्यांत स्पष्ट दिसतो. पेजमेकर आठवा. आल्डस कंपनीनं बनवलेला हा प्रोग्राम १९९४ मध्ये ॲडोबीकडे गेला आणि ७.० ही त्याची शेवटची आवृत्ती २००१ मध्ये आली. त्यानंतर काही वर्षं इनडिझाइन पेजमेकरच्या फाइली उघडत असे. सीएस६ नंतरच्या आवृत्त्यांतून ती सोय काढून टाकली. म्हणजे ज्यानं पंधरा-वीस वर्षं पेजमेकरमध्ये पुस्तकं लावली, त्याच्या फाइली त्याच्याच डिस्कवर आहेत, पण त्या उघडायची किल्ली त्याच्याकडे नाही. कोणी त्या चोरल्या नाहीत की बिघडवल्या नाहीत. मालकानं एक दार बंद केलं, इतकंच.

याउलट २०१० ची गोष्ट. ओपनऑफिस ज्या सन कंपनीचं होतं ती ओरॅकलनं विकत घेतली. पुढे काय होईल याची खात्री वाटेना म्हणून त्यावर काम करणाऱ्या मंडळींनी सगळा कोड उचलला, वेगळं बिऱ्हाड केलं आणि लिब्रेऑफिस सुरू झालं. वापरणाऱ्यांची एकही फाइल अडकली नाही. मुक्त परवाना काय कामाचा असतो याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता या दोन्ही गोष्टी पुन्हा वाचा. दोन्हींत ऑपरेटिंग सिस्टीम कुठे आहे? कुठेच नाही. पेजमेकरवाला विंडोजवर असो की मॅकवर, त्याचं तेच झालं असतं. लिब्रेऑफिसवाला विंडोजवर असला तरी सुटला असता. तुमच्या पत्राचा सगळा डोलारा "विंडोज म्हणजे पारतंत्र्य, लिनक्स म्हणजे मुक्ती" या एका खांबावर उभा आहे, आणि माझं म्हणणं असं की तुम्ही खांब चुकीच्या जागी रोवला आहे. माणूस अडकतो तो आधी फाइलीच्या स्वरूपात, मग प्रोग्राममध्ये, आणि सगळ्यांत शेवटी ऑपरेटिंग सिस्टीममध्ये. सोडवायचं तर याच क्रमानं सोडवावं लागतं. तुम्ही शेवटची गाठ आधी ओढलीत, म्हणून बाकीच्या आवळल्या.

शिवाय रेषा तुम्हाला वाटते तितकी सरळ नाही. ॲपलच्या सफारी ब्राउझरचं वेबकिट हे इंजिन (वेबपान पडद्यावर उभं करणारा भाग) लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या केएचटीएमएल इंजिनातून निघालं, आणि २०१३ मध्ये क्रोमचं इंजिन वेबकिटमधून फुटलं. म्हणजे तुमची मैत्रीण विंडोजवर क्रोम उघडते तेव्हाही लिनक्सच्या डेस्कटॉपवर जन्मलेल्या कामाचा वारसाच वापरत असते. मॅकवर छपाई होते ती कप्स या मुक्त छपाई-प्रणालीच्या जोरावर, लिनक्सवरही तीच. उलट तुमच्या लिनक्सवरही वायफायच्या चिपसाठी लागणारं फर्मवेअर (चिपच्या आत चालणारा प्रोग्राम) बहुधा बंदिस्तच आहे. पूर्ण सोवळ्यात राहणारी यंत्रं आहेत, पण ती फार थोडी, आणि तुमचं त्यांतलं नाही.

सुरक्षिततेबद्दलही तुम्ही लिहिलंत की "कोड उघडा असतो, हजारो डोळे बघतात, म्हणून लिनक्स सुरक्षित." हजारो डोळे बघू शकतात, एवढंच खरं. प्रत्यक्षात बघतात का? मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असणाऱ्या कॉम्प्रेशनच्या साधनात चोरदरवाजा सापडला. ते साधन प्रामुख्यानं एकच माणूस सांभाळत होता. घुसखोरानं दोन वर्षांहून अधिक काळ सज्जनपणे मदत करून त्याचा विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत विष कालवलं. ते पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यानं. एसएसएचनं, म्हणजे दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी करून, आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढंच त्याला खटकलं होतं. तो नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता. कोड उघडा होता म्हणून त्याला मुळापर्यंत जाता आलं, हे तुमच्या बाजूचं. पण हजार डोळ्यांतला एकच डोळा उघडा निघाला, हेही तितकंच खरं. सुरक्षितता मुख्यतः येते ती वेळच्या वेळी येणाऱ्या सिक्युरिटी अपडेटमधून, आणि तिथे मात्र तुमच्या कार्यालयाला खरोखर प्रश्न आहे.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरणाऱ्यांसाठी मायक्रोसॉफ्टनं वर्षभराची मुदतवाढ ठेवली, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि सिक्युअर बूट (यंत्र सुरू होतानाची सुरक्षा-तपासणी) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतील. अशा यंत्राला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून ग्राहकांची अप्रकाशित हस्तलिखितं ज्या यंत्रावर असतात त्यावर हा उद्योग करू नका. थोडक्यात, दोन्ही लॅपटॉप आहेत तसे वर्षानुवर्षं चालवता येणार नाहीत. इथे तुमची काळजी रास्त आहे.

क्रमाबद्दल म्हणालो त्याला मोठा दाखला आहे. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलानं २००५ मध्ये विंडोजवरच ओपनऑफिस आणलं. २००६ मध्ये फायरफॉक्स हा ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्राम. उबंटू हे लिनक्स आलं २००८ मध्ये, तोवर माणसांच्या रोजच्या हाताखालचे प्रोग्राम बदलून झाले होते आणि बदलायची राहिली होती ती फक्त खालची जमीन. म्युनिक शहराच्या प्रशासनानं २०१३ पर्यंत सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर नेले आणि २०१७ मध्ये परत विंडोजकडे जायचं ठरवलं. म्युनिकच्या माघारीची कारणं अजून वादाची आहेत, त्यात राजकारणही होतं, म्हणून त्यावरून लिनक्स नालायक असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. पण पोलिसांचा क्रम उचला.

आता तुमच्या तीन यंत्रांकडे.

तुमचं लिनक्सवर आहे, राहू द्या.

मैत्रिणीला इनडिझाइन हवं, आणि ग्राहक ट्राडोस या अनुवादाच्या प्रोग्रामची पॅकेजं पाठवतात असंही तुम्ही लिहिलंय. ट्राडोस स्टुडिओ विंडोजवरच चालतं, म्हणून मॅकनंही पूर्ण सुटका होत नाही. लिनक्सच्या आत व्हर्च्युअल मशीनमध्ये (यंत्रातल्या आभासी यंत्रात) विंडोज चालवता येईल, पण त्याला वेगळा परवाना लागतो आणि यंत्रात किमान १६ जीबी रॅम हवी. तिच्या ८ जीबीत दोन्ही सिस्टीम गुदमरतील. तेव्हा तिच्यासाठी विंडोज ११ चालणारं यंत्र घ्या, कार्यालयाच्या खर्चानं. तुम्हाला हे हरल्यासारखं वाटेल. तिचे नऊ दिवस आणि तुमचे त्यापुढचे दुरुस्तीचे दिवस मोजून बघा, मग यंत्राची किंमत बघा. तिचा जुना लॅपटॉप रिकामा होईल, त्यावर लिनक्स टाका आणि ते कार्यालयाचं राखीव यंत्र करा. नवा फॉन्ट, नवी आवृत्ती, नवा प्रिंटर, सगळे प्रयोग त्यावर. कोणाचं चालू काम त्यावर नसल्यामुळे मोडलं तरी कोणी थांबणार नाही.

तिसऱ्या सहकाऱ्याचं काम ब्राउझर, ईमेल आणि वर्डच्या फाइलींतलं मुद्रितशोधन एवढंच असेल, तर लिनक्ससाठी तेच खरे उमेदवार. पण आधी विचारा, आणि होकार अर्धामुर्धा असेल तर तो नकार धरा. पहिला महिना त्यांच्या विंडोजवरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड बसवून द्या. एक छोटी वही ठेवायला सांगा. जिथे जिथे काम अडलं तिथे तारीख, काय अडलं, किती मिनिटं गेली, एवढंच. ट्रॅक चेंजेसकडे, म्हणजे दुरुस्त्यांची नोंद ठेवणाऱ्या सोयीकडे, विशेष लक्ष द्या. साध्या मजकुरातल्या दुरुस्त्या वर्ड आणि लिब्रेऑफिस यांच्यात नीट जातात-येतात, पण तक्त्यांतले बदल आणि एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेलेले परिच्छेद यांत घोळ होऊ शकतो. मुद्रितशोधकाचं सगळं काम दुरुस्त्यांचंच. महिन्याअखेरीस वहीत याच नोंदी भरलेल्या दिसल्या, तर तिथेच थांबा.

वही हलकी निघाली तर लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे यंत्रावर काही न बसवता ज्यावरून लिनक्स चालवून बघता येतं असा. ८ जीबीचा पुरतो. तुम्ही स्वतः काहीही वापरत असा, त्यांना लिनक्स मिंट २२ द्या. एप्रिल २०२९ पर्यंत आधार आहे आणि मांडणी विंडोजवरून येणाऱ्याला परकी वाटत नाही. दर आठवड्याला बदलणारी लिनक्सची वितरणं (मिंट, उबंटू यांसारखी तयार रूपं) दुसऱ्याच्या यंत्रावर टाकू नयेत. उतरवलेल्या फाइलीची एसएचए-२५६ बेरीज (फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा) जुळवा, मग पेनड्राइव्ह बनवा आणि त्यावरून यंत्र सुरू करा. काही बसवू नका. वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, बाहेरचा पडदा, प्रिंटर, स्कॅनर एकेक करून बघा. झाकण मिटून दहा मिनिटं ठेवा आणि उघडा. पेनड्राइव्हवरून झोपेतून जागं होणं कधी कधी पेनड्राइव्हमुळेच फसतं, म्हणून इथे जमलं तर चांगलं लक्षण, फसलं तर अजून निकाल नाही.

बसवताना बहुतेकांचं घोडं चार ठिकाणी अडतं. पहिलं बिटलॉकर, म्हणजे डिस्क एनक्रिप्ट करणारं विंडोजचं कुलूप. डिस्क एनक्रिप्ट असेल आणि तुम्ही सिक्युअर बूटला किंवा बूटच्या क्रमाला हात लावलात, तर विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती आधी कागदावर उतरवून घ्या. मागून शोधायला गेलात आणि मिळाली नाही, तर डेटा गेला. दुसरं फास्ट स्टार्टअप. ते चालू असेल तर "शट डाउन" केलेलं विंडोज खरं तर अर्धवट झोपलेलं असतं, आणि लिनक्स डिस्कच्या त्या विभागातल्या फाइली फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. तिसरं, इन्स्टॉलरला एसएसडी दिसतच नाही. बायॉसमध्ये स्टोरेज इंटेल आरएसटी किंवा रेड मोडवर असतं, ते एएचसीआय या साध्या मोडवर आणावं लागतं, पण थेट बदललंत तर विंडोज सुरू होत नाही. विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मग बदलायचं. चौथं घड्याळ. दोन्ही सिस्टीम एकाच यंत्रावर ठेवल्या की वेळ काही तासांनी पुढेमागे होते, कारण विंडोज यंत्रातलं घड्याळ स्थानिक वेळेवर धरतं आणि लिनक्स यूटीसी या जागतिक वेळेवर. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितलं की भांडण मिटतं. विंडोजचा विभाग लहान करायचा तो विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून, आणि त्याआधी सगळ्या कामाची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन ती डिस्क उपसून बाजूला ठेवायची.

मिंटमध्ये टाइमशिफ्ट आयतंच असतं, ते सुरू करा. पण त्याला बॅकअप समजू नका. ते सिस्टीमच्या फाइली परत आणतं. माणसाच्या कागदपत्रांचा होम फोल्डर ते आपणहून घेत नाही. अपडेट बिघडलं तर ते वाचवेल, हस्तलिखित चुकून पुसलं तर नाही. कागदपत्रांसाठी वेगळी सोय हवी.

मैत्रिणीशी बोलताना लिनक्सचा विषय काढू नका. "तुझे नऊ दिवस माझ्यामुळे गेले. पानं का सरकत होती ते मला माहीत होतं, मी आधी बघायला हवं होतं. आणि तो शब्द मी बोलायला नको होता." एवढं पुरे. "पण" लावून पुढचं वाक्य जोडू नका.

नंतर, बोलणं पुन्हा सुरू झाल्यावर, तिच्याकडे दोनच गोष्टी मागा, आणि त्यांनी तिच्या रोजच्या कामात काहीच बदलणार नाही. ट्राडोसमधली ट्रान्सलेशन मेमरी, म्हणजे आधी केलेल्या अनुवादाच्या वाक्यांचा साठा, ही तुम्हा तिघांची वर्षांची कमाई आहे. ती महिन्यातून एकदा टीएमएक्समध्ये निर्यात करायची. टीएमएक्स हे साधं, मजकुरासारखं वाचता येणारं स्वरूप आहे. ओमेगाटी हा अनुवादाचा मुक्त प्रोग्राम आपली मेमरी त्यातच ठेवतो, त्यामुळे ती फाइल त्याच्या प्रकल्पातल्या टीएम फोल्डरमध्ये टाकली की जुनी वाक्यं लगेच सुचवली जातात. आणि पुस्तक छपाईला गेलं की इनडिझाइनच्या फाइलीसोबत आयडीएमएल, अंतिम पीडीएफ आणि मजकुराची साधी प्रत एका फोल्डरमध्ये. पुस्तकामागे फार तर पाच मिनिटं. दर महिन्याला राखीव यंत्रावर त्यातली एक टीएमएक्स ओमेगाटीत आणि एक आयडीएमएल स्क्रायबसमध्ये उघडून बघायचं काम मात्र तुमचं.